एकवीस ओली फडकी

कुणी 'मावशी, तुम्ही फार छान शिकवता' म्हटलं की मावशीला लगेच संशय यायचा. या माणसाने नक्की काहीतरी घोळ घालून ठेवलाय आणि आता तो लपवायला गोड बोलतोय, असं तिला वाटायचं. बहुतेक वेळा तसंच निघायचंही. कुणी रोपांना उकळत्या दुपारी पाणी घातलेलं असायचं, तर कुणी कुजायला ठेवलेल्या पाल्यात घरातल्या प्लास्टिकच्या पिशव्याही श्रद्धेने टाकलेल्या असायच्या.

मावशीचं वय त्रेसष्ट, शिक्षण चौथी. कालव्याच्या कडेला तिची अर्ध्या एकराची जमीन होती आणि चाळीस वर्षं ती तिथे भाजीपाला काढत होती. कधी पोत्यातलं खत विकत आणलं नाही की फवारणीची बाटली घरात घेतली नाही. त्यात तिला काही विशेष वाटत नव्हतं. सासूने जे केलं तेच ती करत होती. पण एक दिवस लोकशिक्षण केंद्राचे सर तिच्या बांधावर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "तुम्ही स्थानिक ज्ञानाचा स्रोत आहात." मावशीला आधी तो अपमान वाटला. मग सरांनी समजावलं की केंद्रात दर रविवारी निसर्गाला धरून शेती करायचा वर्ग सुरू होतोय, नोकरीधंदा करणारी माणसं येणार आहेत, आणि त्यांना शिकवायला मावशी हवी आहे.

"मी? शिकवू?" मावशी म्हणाली. "अहो, मला नीट बोलता कुठे येतं!"

हे मात्र साफ खोटं होतं. बोलता येणं ही मावशीची अडचण कधीच नव्हती. थांबता येणं ही होती.

पहिल्याच रविवारी तिच्या डोक्यात तिडीक गेली. केंद्र म्हणजे जुन्या शाळेची बैठी इमारत, मागे मोकळं मैदान, त्यात आठ वाफे. माती तयार, ऊन कोवळं, हवा छान. आणि ही एकवीस धडधाकट माणसं आत पंख्याखाली गोल करून खुर्च्यांवर बसलेली! सर म्हणाले, आधी प्रत्येकाने मातीबद्दल मनात काय येतं ते एका शब्दात सांगायचं. कुणी म्हणालं 'माया', कुणी म्हणालं 'मुळं', बस चालवणारे काका म्हणाले 'चिखल'. सरांनी सगळं रंगीत पेनांनी चार्टवर लिहिलं. मावशीची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "उशीर. मला 'उशीर' वाटतंय. उठा आता!" सरांनी तेही लिहिलं आणि भोवती ढग काढला. आता अशा माणसापुढे हात टेकायचे नाहीत तर काय करायचं?

पण गंमत अशी की वर्ग टिकला. मावशी ओरडायची, माणसं खाली मान घालून खुरपी चालवायची आणि पुढच्या रविवारी परत यायची. तिच्या पाठीमागे तिला 'फौजदार' म्हणायचे, हे तिला ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. सरकारी दवाखान्यातली नर्स होती, विजेचे मीटर वाचत फिरणारा एक किडकिडीत गृहस्थ होता, बसवाले काका होते आणि पोस्टाच्या खिडकीवर बसणारी एक बाई होती. पोस्टबाईवर मावशीचा विशेष राग. ती काहीही सांगितलं की "बरं" म्हणायची. समजलं तरी बरं, नाही समजलं तरी बरं. अशा माणसाच्या डोक्यात काय शिरलं आणि काय बाहेरच राहिलं, हे देवाला तरी कळेल का!

आता घेवड्याचं सांगायला हवं, कारण सगळा तमाशा त्याच्यावरूनच झाला.

मावशीकडे एक घेवडा होता. पांढरा दाणा, त्यावर जांभळा ठिपका. सासूकडून आलेला, सासूला तिच्या आईकडून. पूर्वी कालव्याकाठच्या सगळ्या मळ्यांत तो असायचा. मग बाजारात पाकिटं आली, एकेकाने सोडला, आणि शेवटी फक्त मावशीकडे राहिला. ती दरवर्षी बी तीन जागी ठेवायची. पण गेल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं, कसाबसा एक वाफा लागला, आणि बी झालं जेमतेम एक काचेची बरणीभर. दोन हजार दाणे असतील नसतील. ही बरणी म्हणजे तो घेवडा, अख्ख्या जगातला. बरणी गेली की घेवडा गेला.

आणि नेमका त्याच वेळी मुलाला घर रंगवायचा झटका आला. रंगारी आले, कपाटं अंगणात, भांडी खाटेवर, कशाचा कशाला पत्ता नाही. एका रंगाऱ्याने तर डाळीच्या डब्यात ब्रश बुडवून ठेवला. ते बघून मावशी उठली. तिने बरणी पदराखाली घेतली, थेट केंद्रावर गेली आणि तिथल्या लोखंडी कपाटात ठेवून आली. पंधरा दिवसांचाच तर प्रश्न होता. कपाटाची किल्ली खिळ्याला टांगलेली असायची, कारण खुरपी, सुतळी, डबे, सगळं त्यातच होतं.

त्याच आठवड्यातल्या रविवारी मीटरवाल्याने येऊन तक्रार केली की त्याने घरी लावलेला मुळा उगवलाच नाही, बी खराब असणार.

"तपासलं होतंस?" मावशीने विचारलं.

"काय तपासायचं?"

झालं. मावशीच्या तोंडाचा पट्टा जो सुटला तो अर्धा तास थांबला नाही. बी पेरायच्या आधी तपासायचं असतं, एवढीही अक्कल नाही? शंभर दाणे मोजायचे, ओल्या फडक्यात गुंडाळायचे, उबदार जागी ठेवायचे, रोज पाणी शिंपडायचं, आणि आठवड्याने किती मोड आले ते मोजायचं. शंभरातले नव्वद आले तर बी चांगलं, साठ आले तर दाट पेरायचं, तीस आले तर फेकून द्यायचं. "चार महिने झाले शिकताय! पुढच्या रविवारी प्रत्येकाने तपासणी करून यायचं. जो न करता येईल त्याला मी वर्गात उभं करणार नाही. आणि मला विचारत बसायचं नाही, कसं नि काय. सगळं सांगून झालंय!"

सगळे म्हणाले, "हो मावशी." पोस्टबाई म्हणाली, "बरं."

पुढच्या रविवारी मावशी आली तर एकवीसच्या एकवीस जण वेळेआधी हजर! प्रत्येकाच्या हातात डबा, डब्यात ओलं फडकं. मावशीचं मन एकदम भरून आलं. तिला वाटलं, ओरडण्याचा उपयोग होतो, लोक उगाच नावं ठेवतात.

पहिली नर्स पुढे आली. तिने स्वच्छ गॉजच्या पट्टीत दाणे ओळीने मांडले होते. प्रत्येकाला कोंब फुटलेला. "सत्त्याण्णव, मावशी."

"शाब्बास!" मावशी म्हणाली. हा शब्द तिने या वर्गात पहिल्यांदाच उच्चारला असेल. मग तिने दाण्याकडे पाहिलं. पांढरा, जांभळ्या ठिपक्याचा. तिने मान डोलावली. शंभर दाणे गेले, चालेल. घेतलं ते विचारून घ्यायला हवं होतं, पण चालेल.

मग बसवाले काका आले. "शहाण्णव!" जांभळा ठिपका.

मग तिसरा आला. जांभळा ठिपका.

चौथ्या डब्यातलं फडकं मावशीने स्वतःच ओढून उघडलं. तिने पाचव्याला विचारलंच नाही. ती धावली, गुडघ्याची पर्वा न करता धावली, कपाट उघडलं आणि बरणी काढली. बरणीच्या तळाशी थोडा भुसा आणि अर्धा फुटका दाणा.

"मला एकसष्टच मिळाले," मागून मीटरवाला दिलगिरीच्या सुरात म्हणाला. "त्यामुळे टक्केवारी काढायला जरा त्रास झाला. पण अठ्ठ्याण्णव टक्के पडतंय. बी एकदम उत्तम आहे, मावशी!"

बी उत्तम आहे! अहो, होतं! आता काय राहिलंय त्याचं? कोंब फुटला म्हणजे दाणा संपला, तो परत बरणीत जात नाही. आणि हा घेवडा लावायचा थंडीच्या तोंडावर. आत्ता उन्हाळा सुरू होत होता. या दिवसांत तो लावणं म्हणजे तान्ह्या पोराला रस्त्यावर ठेवण्यासारखं.

मावशी खाली फरशीवर बसली. बरणी मांडीत. सर चार्ट घेऊन पुढे येत होते, त्यांनी तिचा चेहरा बघितला आणि चार्ट गुंडाळून टाकला. त्यांच्या आयुष्यातलं ते सर्वांत शहाणपणाचं काम असावं.

चौकशीत निघालं ते असं. प्रत्येक जण आठवड्यात कधी ना कधी केंद्रावर आला. कुणी कामावर जाताना, कुणी येताना. प्रत्येकाने खिळ्यावरची किल्ली काढली, सापडलेल्या एकमेव बरणीतून शंभर दाणे मोजून घेतले, आणि दुसऱ्या कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. कारण प्रत्येकाला वाटत होतं, बाकीच्यांचं केव्हाच झालंय, आपणच मागे राहिलोय.

"एकाने तरी विचारायचं!" मावशीला शेवटी आवाज फुटला. "एकवीस माणसं! एकालाही वाटलं नाही, मावशीला विचारावं, हे बी घेऊ का म्हणून?"

शेवटी नर्स म्हणाली, कारण तिला आजारी माणसाला खरं सांगायची सवय होती. "मावशी, विचारलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता?"

मावशीला ते लगेच ठाऊक होतं. म्हणाली असती, 'एवढंही कळत नाही का?' राग मात्र आणखी वाढला, कारण आता तो कुठे काढावा हेच कळेना.

"कोंबांचं काय करायचं?" सरांनी हळूच विचारलं.

"लावायचे! अजून काय? जिथे जागा मिळेल तिथे, आत्ताच्या आत्ता!"

तेव्हा कळलं की चार जणांनी मोजणी झाल्यावर फडकं कचऱ्यात झटकलं होतं. त्यांच्या डब्यात नमुन्यापुरते पाच-सहा दाणे होते. आणि पोस्टबाईने डबा उघडला तर आत नुसतंच फडकं.

"तुझे कुठे गेले?"

पोस्टबाईचा चेहरा पांढराफटक पडला. "मोड छान आले होते," ती पुटपुटली. "शिजवून खाल्ले."

मावशीने कपाळावर हात मारला. जगातला शेवटचा घेवडा, आणि ही बया त्याला फोडणी देऊन जेवली! त्या दिवशी मावशी पोस्टबाईला जे बोलली ते इथे सांगण्यासारखं नाही. पोस्टबाई डबा पिशवीत घालून निघून गेली आणि नंतरचे कितीतरी रविवार आलीच नाही.

मग सुरू झाला मावशीच्या जिवाला घोर. सोळा घरांत, केंद्राच्या वाफ्यांत, तिच्या स्वतःच्या मळ्यात कोंब लागले. ती रोज काठी टेकत घरं पालथी घालायची. मुलाने फोन घेऊन दिला, तर तो दिवसभर वाजायचा, कारण तिने स्वतःच बजावलं होतं की आता काहीही झालं तरी विचारायचं. मग काय! पान पिवळं पडलं, विचारू का? मुंगी आली, मारू का? वेल डावीकडे वळतोय, चालेल का? "वळू दे रे बाबा!" मावशी घास हातात धरून ओरडायची. "त्याला कुठे ऑफिसला जायचंय?" आधी कुणी विचारत नव्हतं म्हणून संताप, आता विचारणं थांबवत नाहीत म्हणून संताप. सून स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून हसायची.

ऊन तापलं. निम्मे वेल माना टाकून गेले. उरलेल्यांना महिना-दीड महिन्यात फुलं आली, आणि सोळा घरांत एकदम दिवाळी झाल्यासारखं झालं. पण ती फुलं गळायला लागली. शेंग धरेचना. सकाळी फूल, संध्याकाळी खाली. बसवाले काका तर गळलेली फुलं खिशात घालून वर्गात घेऊन आले.

"मावशी, का गळतात?"

मावशीने तोंड उघडलं. नेहमीसारखं काहीतरी ठणकावून येणार म्हणून सगळे वहीपेन घेऊन तयार. मीटरवाल्याने तर तारीखही टाकली होती.

"मला माहीत नाही," मावशी म्हणाली.

मग ती चिडक्या आवाजातच बोलत राहिली. म्हणाली, सासूला माहीत असणार. एका वर्षी थंडी पडलीच नव्हती, तरी म्हातारीने शेंगा काढल्या होत्या. काहीतरी केलं होतं तिने. पण मी विचारलं नाही. नवीन होते तेव्हा एकदा काहीतरी विचारलं होतं, तर सासू म्हणाली, डोळे आहेत ना, बघ. त्यानंतर एकोणीस वर्षं एका चुलीपुढे बसलो दोघी, मी एक शब्द विचारला नाही. मला वाटायचं, बघून बघून सगळं आलंय मला. "ती गेली आणि सोबत घेऊन गेली," मावशी म्हणाली. "मूर्ख होतो दोघी. जा आता घरी. आज वर्ग नाही."

महिन्याभरात सगळ्या घरांतले वेल वाळले. मावशीच्या मळ्यातलाही शेवटचा गेला. तिने तो उपटला नाही, तसाच ठेवला, आणि त्याच्याकडे बघायचं टाळून दुसऱ्या बाजूने मळ्यात जायला लागली.

पोस्टबाईकडे ती गेली ती भांडायलाच. केंद्राची चांगली झारी पोस्टबाई घेऊन गेली होती, आणि सर म्हणत होते, जाऊ द्या. जाऊ द्या कशी? घेवडा गेला तो गेला, झारीसुद्धा सोडायची? पोस्टबाईचं घर तिसऱ्या मजल्यावर, जिना उंच, आणि मावशी प्रत्येक पायरीला तिला एक शिवी देत वर चढली.

पोस्टबाईने दार उघडलं आणि तिच्या तोंडचं पाणीच पळालं. घरात औषधांचा वास होता. आतल्या खोलीत तिचे सासरे अंथरुणाला खिळलेले. ती एकदम म्हणाली, "झारी देते, इथेच थांबा, आणते." आणि ज्या घाईने ती गॅलरीकडे वळली, त्यावरून मावशीने ओळखलं की काहीतरी लपवतेय. ती मागोमाग गेली.

अरुंद गॅलरी. समोरच्या इमारतीची सावली. दोरीवर दोन ओल्या चादरी, टपटप गळणाऱ्या. आणि चादरींच्या मागे, रंगाच्या दोन जुन्या बादल्यांतून वर चढलेला, कठड्याला विळखे घातलेला वेल. त्यावर शेंगा. पिवळ्या, वाळलेल्या, खडखडीत.

मावशीने कठडा धरला.

"सगळे नव्हते खाल्ले," पोस्टबाई रडवेल्या आवाजात घाईघाईने सांगू लागली. "थोडे दुसऱ्या दिवसासाठी कच्चेच फ्रीजमध्ये होते. त्या संध्याकाळी आठवलं. नऊ दाणे. म्हटलं, लावून बघावेत. जगले तर सांगू. मग जगले, पण वाटलं, फुलं आली की सांगू. मग शेंगा आल्या, पण वाटलं, त्या वाळायच्या आत वेल मेले तर तुम्ही..." ती थांबली. "कधी काढायच्या ते माहीत नव्हतं. परवा दोन तडकल्या. दाणे खाली गटारात गेले. मी उतरून शोधले, नाही मिळाले."

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन शेंगा! आठ-नऊ दाणे गटारात! एक फोन करायला काय झालं होतं? सोळा घरं मुंगीसाठी फोन करतात, आणि जिच्याकडे शेंगा आहेत ती... ती बोलणार होती. पहिला शब्द दातांपर्यंत आलाही होता. तेवढ्यात तिने पाहिलं की पोस्टबाईने नकळत खांदे आवळून घेतले आहेत आणि डोळे मिटले आहेत. पंचेचाळीस वर्षांची बाई, स्वतःच्या घरात, स्वतःच्या वेलासमोर, मार चुकवायला उभं राहावं तशी उभी.

मावशीला एकदम रडू आलं. आणि त्याचाही तिला भयंकर राग आला.

तिने पदराने तोंड पुसलं. एकेक शेंग काढून ओच्यात घेतली. नऊ शेंगा. एक फोडली. पांढरा दाणा, जांभळा ठिपका, टणक. मग ती तिथल्या उपड्या बादलीवर बसली.

"कसं केलंस?"

"मी काहीच नाही केलं, मावशी."

"सोळा घरांत नाही झालं. माझ्याकडे नाही झालं. इथे झालंय."

"खरंच काही नाही. इथे ऊन येत नाही म्हणून मला वाटलं होतं, होणारच नाही. मामंजींच्या चादरी रोज धुवाव्या लागतात, त्या इथेच वाळत घालते. पाणी वेलावर गळतं, म्हणून मी खूप घाबरायचे, कुजेल म्हणून. पण दुसरी जागाच नाही. आधी मी त्या सकाळी..."

"अगं, तसं नाही, नीट पहिल्यापासून..." मावशी मध्येच बोलली, आणि पोस्टबाई गप्प झाली. पूर्ण गप्प. मावशीने ते पाहिलं.

आयुष्यभर मावशीने लोकांना प्रश्न विचारले होते. डोकं आहे का? डोळे कुठे ठेवलेत? कितीदा सांगू? त्यातल्या एकाचंही उत्तर तिला नको होतं.

"चुकले मी," ती म्हणाली. "तू सांग. चादरी किती वाजता वाळत घालतेस?"

पोस्टबाईने डोळे पुसले, जरा आठवलं, आणि सांगायला सुरुवात केली. मावशी ओच्यातल्या शेंगा दोन्ही हातांनी धरून ऐकत बसली.